दिल्लीचा जानोसा

लग्नात रुसायचं कसं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं कुरुळीच्या लक्ष्मणरावांकडे यावं, असं पंचक्रोशीत म्हणत. मोशीपासून चाकणापर्यंत कुणाच्याही मुलाचं लग्न असो, वऱ्हाडात लक्ष्मणरावांना आग्रहानं नेत. नवरदेवाचे ते कुणी लागत नसले तरी चालायचं. मुलीच्या गावाची शीव आली की ते गाडीतून उतरत, कडेच्या दगडावर बसत आणि मुलीकडची माणसं वाजंत्री घेऊन, पाय धुवायला पाणी घेऊन येईपर्यंत पाऊल पुढं टाकत नसत. वऱ्हाड जानोशाच्या घरी उतरलं की गादी कडक आहे, तक्क्याचा अभ्रा मळका आहे, विडा देणाऱ्यानं डोक्याला काही घातलं नव्हतं, असं काहीतरी त्यांना सापडायचंच. मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मुलीच्या बापानं पागोटं काढून पायावर ठेवलं की तेव्हा कुठं वळायचे. एकदा त्यांच्या रुसव्यात मुहूर्त टळला. त्यानंही त्यांचा भाव उतरला नाही, उलट चढलाच.

अशा माणसाला गावानं भामाखोरे शेतकरी सहकारी मंडळीचा अध्यक्ष केला. केला म्हणजे काय, न करावा तर तो रुसला असता.

अंबूबाईला या माणसाचा मनापासून तिटकारा होता. नवऱ्यामागं तिनं कांद्याचं रान स्वतः कसलं होतं, मंडळीची ती सभासद होती आणि सभेला बायकांमधून एकटीच बसायची. लक्ष्मणराव बोलायला उभे राहिले की ती पदराआड जांभई द्यायची. पण अठ्ठावन्न सालच्या थंडीत दिल्लीहून मंडळीला एक पत्रक आलं आणि त्यापायी तिला याच माणसाच्या मागं मागं फिरावं लागलं.

पत्रक ज्योतीराम गुरुजींनी वाचून दाखवलं. ते शाळामास्तर, त्यामुळं मंडळीचं लिहिणं-वाचणं त्यांच्याच गळ्यात होतं. दिल्लीला ग्रामकल्याण परिषद भरणार होती. मंडळीनं चार प्रतिनिधी धाडायचे, त्यात एक बाई हवीच. पहिल्या दिवशी सकाळी बायकांची बैठक, तिथं प्रत्येकीनं आपल्या गावाची नड सांगायची. ज्या गावांची नड पटेल त्यांना बाळंतपणं करायला शिकलेली नर्स मिळणार, कायमची.

एवढं ऐकलं आणि अंबूबाई सरसावून बसली. तिची थोरली, रंभा, पुण्याच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली होती. पोर आडवं आलं होतं, दोन्ही जीव गेले. आता धाकटी शकू पहिल्या खेपेला माहेरी आली होती, आणि तिचं पोट दिसायला लागल्यापासून अंबूबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कुरुळीला नर्स हवी आणि शकूचे दिवस भरायच्या आत हवी, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती.

लक्ष्मणरावांना पत्रकात नर्स दिसलीच नाही. त्यांना मान दिसला. “दिल्लीनं बोलावणं धाडलंय,” ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “म्हंजी आपून वरपक्ष.”

प्रतिनिधी ठरवायला वेळ लागला नाही. अध्यक्ष म्हणून ते स्वतः. हिंदीच्या परीक्षा दिल्यात म्हणून गुरुजी. तिसरा बन्सी. हा त्यांचा मेहुणा, पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला, राहायला दापोडीत, आणि त्याची लायकी एवढीच की दाजी जे म्हणतील त्याला तो ‘बरोबर’ म्हणायचा. बाई म्हणून लक्ष्मणरावांनी आपल्या रुक्मिणीबाईंचं नाव घातलं होतं. पण त्यांना एस.टी.च्या धुराच्या वासानंच मळमळायचं. मला चाकणच्या पुढं नेऊ नका, असा त्यांनी घरातूनच निरोप धाडला. बाकीच्या बायका चार लोकांत बोलायचं म्हटल्यावर दाराआड झाल्या. तेव्हा अंबूबाई उठली आणि म्हणाली, “मी जाते. मला बोलाया येतं.”

लक्ष्मणरावांनी नाक मुरडलं, पण दुसरं कुणी नव्हतं.

मग बंदोबस्ताच्या सभा सुरू झाल्या. दिल्लीत काय मागायचं यावर एकही सभा झाली नाही, पण कुठं निजायचं यावर मात्र सभेमागून सभा झाल्या. परिषदेच्या मैदानाशेजारी तंबू ठोकलेत, तिथं राहायची सोय फुकट आहे, ज्यांना हॉटेलात उतरायचं असेल त्यांनी आपापलं बघावं, असं पत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं.

“तंबूत?” लक्ष्मणराव ताडकन म्हणाले. “आमी काय तमाशाचा फड हाय?”

“मग हॉटेल बघावं लागेल,” गुरुजी म्हणाले.

“हाटेलात मानूस च्या पितो, भजी खातो. निजतो व्हय कुणी?”

“दिल्लीच्या हॉटेलांत खोल्या असतात, अध्यक्ष. खाट, गादी, न्हाणी, सगळं. भाडं भरून राहायचं.”

“भाडं? आपून भरायचं?” लक्ष्मणरावांचा आवाज चढला. “बोलावलं त्यांनी, तर जानोसा द्यायचा त्यांनी. वरबाप कदी जानोशाचं भाडं भरतो का? लिवा त्यास्नी.”

“बरोबर,” बन्सी म्हणाला.

अध्यक्ष सांगत गेले आणि गुरुजी लिहीत गेले. चौघांना पक्क्या भिंतींची जागा, दाराचं तोंड उगवतीला. आंघोळीला कढत पाणी. जेवायला बाजरीची भाकरी. गादी कापसाची, काथ्याची चालणार नाही. आणि स्टेशनावर न्यायला कुणी जबाबदार माणूस यावा, सोबत वाजंत्री असल्यास उत्तम. वाजंत्रीपाशी गुरुजींची लेखणी थांबली. त्यांनी अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तेही लिहून टाकलं. शाळेच्या कमिटीवर लक्ष्मणराव होते, त्यामुळं गुरुजींचं शहाणपण शाळेच्या उंबऱ्याआतच राही.

दिल्लीहून या पत्राला उत्तर आलं नाही. येणार तरी काय? वाचणाऱ्यानं ते चार जणांना दाखवून हसून घेतलं असेल. पण लक्ष्मणरावांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. “गप बसले, म्हंजी कबूल हाय,” त्यांनी सभेत जाहीर केलं.

अंबूबाईनं मध्येच विचारलं, “तितं जाऊन बोलायचं काय, त्येचं बी कुनी ठरवनार हाय का?”

“ते तुमचं तुमी बगा, अंबूबाई. बायकांच्या बैठकीचं आमाला काय!”

तिनं मग आपलं आपण बघितलं. सकाळी भाकऱ्या थापताना ती शकूला समोर बसवायची आणि दिल्लीला बोलायचं ते तिच्यापुढं बोलायची. रंभाचं नाव आलं की तिचा आवाज बसायचा आणि शकू दुसरीकडे बघायची. शेवटी नाव न घेता बोलायचं, असं दोघींनी ठरवलं.

निघायच्या आधी लक्ष्मणराव पिंपरी कॅम्पात जाऊन लोकरीचा कोट घेऊन आले. फाळणीनंतर तिथं वसलेल्या सिंधी दुकानदारानं तो त्यांच्या गळ्यात मारला होता. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या, पण दिल्लीत असाच घालतात, असं त्यानं सांगितलं होतं म्हणे. रुक्मिणीबाईंनी ट्रंक भरून दिली. त्यात नारळ, खण, सुपाऱ्या आणि हळदीकुंकवाचा करंडा. दिल्लीला मंत्र्याच्या बायकोची ओटी भरावी लागली तर ऐनवेळी कुठं शोधायचं, हा त्यांचा विचार. मंत्र्याची बायको कुरुळीकरांची वाट बघत बसली असेल, याबद्दल नवराबायकोच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चाकणच्या बँडनं त्यांना एस.टी.त बसवलं, रात्र दापोडीला बन्सीच्या खोलीत काढली आणि दुसऱ्या दिवशी चौघं पुण्याहून निघून कल्याणला दिल्लीच्या मेलमध्ये बसले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात लक्ष्मणरावांनी अख्ख्या बाकावर अंथरूण पसरलं. कुणी सरका म्हटलं की बन्सी सांगायचा, “पावनं हायेत सरकारचं.” भोपाळच्या पुढं एका धिप्पाड सरदारजीनं पाहुण्यांचं अंथरूण गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसला. तिथून दिल्लीपर्यंत लक्ष्मणराव खिडकीकडे तोंड करून बसले. सरदारजी मजेत ऊस खात होता. त्याला बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही की आपल्यावर कुणी रुसलंय.

दिल्ली आली ती सकाळी. धुकं होतं आणि थंडी अशी की अंबूबाईनं घोंगडी डोक्यावरून घेतली. हमालांच्या गर्दीत चौघं उतरले. लक्ष्मणरावांनी कोटाची बटणं लावली, पागोटं सारखं केलं आणि वाजंत्रीसाठी कान टवकारले.

एक विशीतला पोरगा आला. अर्धी चड्डी, अंगात स्वेटर, छातीला परिषदेचा बिल्ला. तो मोठ्यानं ओरडत होता, “बंबई राज्य के प्रतिनिधि! इधर आइए! बस बाहर खड़ी है!” चौघांना बघून तो धावत आला, हात जोडले आणि म्हणाला, सामान उठाइए, जल्दी चलिए, बस रुकेगी नहीं. इतर डब्यांतून उतरलेली माणसं आपापल्या वळकट्या घेऊन त्याच्या मागं चालली होती.

लक्ष्मणराव जागचे हलले नाहीत. “ह्यो कोन?”

“परिषदेचा स्वयंसेवक आहे,” गुरुजी म्हणाले. “न्यायला आलाय.”

“ना हार, ना विडा, आन् चड्डीवरचं पोरगं धाडलंय? सामान बी आपूनच उचलायचं?” त्यांनी ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर बैठक मारली आणि रुळांकडे तोंड केलं. “सांगा त्येला, मोठं मानूस यिऊ द्या. तवर मी हितनं उठत न्हाई.”

गुरुजींनी हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, पण रुसव्याला हिंदीत काय म्हणतात ते कुठल्याच परीक्षेत आलं नव्हतं. ते काहीतरी पुटपुटले. पोरग्यानं खांदे उडवले आणि तो बाकीच्यांना घेऊन निघून गेला. बाहेर बसचा भोंगा वाजला.

खोटं कशाला बोला, अंबूबाईलाही क्षणभर वाटलं की आता कुणीतरी येईल. तीही त्याच मुलखातली. रुसलेल्या पाहुण्याला तसाच सोडून मुलीकडचे निघून गेलेत, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून ती बसली. मग धुकं विरलं, फलाटावर ऊन आलं, गाड्या आल्या, गेल्या. कुणी आलं नाही. बन्सीनं भाकरी सोडली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या एवढ्या मोठ्या शहरात लक्ष्मणराव रुसल्याची खबर फक्त तीन माणसांना आहे, आणि ती तिन्ही कुरुळीची.

“अध्यक्ष, माजी बैठक आज सकाळचीच हाय,” ती म्हणाली. “उटा की.”

“दमा हो जरा. येत्यात.”

“कोन यिनार हाय? तुमचा सासरा?”

बन्सीच्या घशात घास अडकला. लक्ष्मणरावांनी मान आणखी वळवली. अंबूबाई गुरुजींकडे वळली. “गुरुजी, तुमी चला. तुमास्नी बोलता येतं.” गुरुजींनी लक्ष्मणरावांच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या जोड्यांकडे. “थोडं थांबू या,” ते म्हणाले. तिला त्या क्षणी लक्ष्मणरावांपेक्षा गुरुजींचीच जास्त किळस आली. रुसणारा निदान आपल्या मर्जीनं तरी बसला होता.

तिनं गुरुजींच्या पिशवीतून आपलं निमंत्रणाचं कार्ड ओढून घेतलं आणि एकटी स्टेशनाबाहेर पडली. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट बघितलं, दुसऱ्याला दाखवलं आणि मान हलवून तिला बसवलं. वाटेत रुंद रस्ते, मोठमोठ्या इमारती, कारंजी लागली असतील. तिनं काही बघितलं नाही. ती घोड्याच्या पाठीकडे बघत होती आणि तो हळू चालतोय म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती.

मांडवात ती पोचली तेव्हा बैठक उठत आली होती. कुरुळीचं नाव दोनदा पुकारून झालं होतं आणि त्याच्यावर रेघ पडली होती. बाया सतरंज्यांवरून उठत होत्या. अंबूबाई त्यांच्यामधून वाट काढत थेट मंचापाशी गेली. अध्यक्षपदी इंदुताई म्हणून एक पोक्त बाई होत्या, इंदूरच्या, मराठी घरच्या. अंबूबाईच्या तोंडून ‘बाई, मी कुरुळीची’ एवढं निघालं आणि त्यांनी हात वर करून उठणाऱ्यांना थांबवलं.

“बोला,” त्या म्हणाल्या. “मी हिंदीत सांगते.”

शकूपुढं घोकलेलं सगळं अंबूबाई विसरली. ती एवढंच बोलली, “माजी रंभा पुन्याच्या वाटंला गाडीत मेली. मी बैलं हाकत हुते. लौकर पोचावं म्हून बैलांना मारत हुते, आन् मागं ती कवाच गेली हुती, मला म्हाईतच न्हाई. मी मेलेल्या लेकीला घिऊन बैलांना मारत ऱ्हायले. आता धाकटी पोटुशी हाय. आमास्नी एक शिकलेली बाई द्या. दुसरं काय नगं.”

इंदुताईंना ते हिंदीत सांगताना मध्ये थांबावं लागलं. उठलेल्या बाया पुन्हा बसल्या होत्या. बैठक आटोपल्यावर इंदुताईंनी तिला बाजूला घेतलं. “तुमच्या गावाचं नाव मी घालते,” त्या म्हणाल्या. “पण नर्सला राहायला खोली तुमच्या मंडळीनं द्यायची, अशी अट आहे. तसं तुमच्या अध्यक्षांनी आजच्या आज सही करून द्यायला हवं. संध्याकाळी नावं पक्की होतात, मग माझ्या हातात काही नाही. कुठं आहेत ते?”

“टेसनावर.”

“अजून? तब्येत बरी नाही का?”

“रुसल्यात,” अंबूबाई म्हणाली.

इंदुताई मराठी घरच्या होत्या. त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि परिषदेची एक मोटार तिच्यासोबत दिली.

मोटारीत बसल्यापासून अंबूबाईनं लक्ष्मणरावांना काय काय सुनवायचं ते जुळवलं होतं. एकेक शब्द धार लावून ठेवला होता. पण फलाटावर आली, त्यांची कोटातली पाठ दिसली आणि तिला कळून चुकलं की यातला एक शब्द जरी तोंडून निघाला तर हा माणूस उद्या सकाळपर्यंत उठायचा नाही. लग्नांत तिनं हे शंभरदा पाहिलं होतं. भांडणारा मुलीचा बाप हरतो. पाय धरणारा सुटतो. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सहीचा हात त्या माणसाचा होता.

“बन्सी,” ती म्हणाली, “ट्रंक उघड. नारळ आन् करंडा काढ.”

बन्सी बघतच राहिला. तिनं नळावरून तांब्या भरून आणला, लक्ष्मणरावांच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, “चुकलं दिल्लीकरांचं, अध्यक्ष. त्यांच्या वतीनं मी आले. मोटार धाडलीय त्यांनी. पाय पुडं करा.”

लक्ष्मणरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी जोडे काढले आणि पाय पुढं केले. प्रवासाच्या धुळीनं मळलेल्या त्या पायांवर अंबूबाईनं पाणी घातलं, पदरानं पुसले. हमाल जमले. एक गोरा साहेब बॅग खाली ठेवून बघत उभा राहिला. कुणीतरी हसलं. लाजेनं आणि संतापानं तिचे कान तापले होते, पण ती पाय पुसत राहिली. तिला समोर फक्त शकू दिसत होती.

तिनं करंडा उघडला आणि बोट कुंकवात बुडवलं. तेव्हा लक्ष्मणराव दचकले. अंबूबाई विधवा. गावात कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात तिची सावली पुढं येऊ देत नसत, आणि त्यात सगळ्यांत कडक हेच. तिनं एकदा नव्या नवरीची ओटी भरायला हात पुढं केला, तर यांनी सगळ्यांदेखत तिला मागं लोटलं होतं.

बोट तसंच हवेत राहिलं. लक्ष्मणरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “गुरुजी,” ते हळूच म्हणाले, “हितं आपल्या वळखीचं कुनी न्हाई ना?”

गुरुजी रुळांकडे बघत होते. “नाही,” ते म्हणाले.

मग लक्ष्मणरावांनी पागोटं मागं सारलं आणि कपाळ पुढं केलं. अंबूबाईनं टिळा लावला, ओंजळीत नारळ दिला. इतकी वर्षं ज्याच्यापायी तिला दारामागं उभं राहावं लागलं, तो नेम एवढ्याच किमतीचा होता हे तिला त्या क्षणी दिसलं. तिला थुंकावंसं वाटलं. तिनं करंडा मिटून बन्सीकडे दिला.

मोटारीत बसताना लक्ष्मणराव तिच्या कानाशी लागले. “अंबूबाई, कुक्कवाचं गावात काडू नका बरं.”

“सही करा,” ती म्हणाली, “न्हाई काडत.”

त्यांनी सही केली, चांगली लांबलचक, खाली दोन रेघा ओढून. तंबूत राहिले, तिथली गादी बघून खूष झाले आणि बन्सीचीही स्वतःखाली घातली. मंत्री आपल्याला भेटायला येईल म्हणून परिषद संपेपर्यंत ते तंबूच्या दारात कोट घालून बसून होते. मंत्री काही आला नाही.

पण कुरुळीला परत आल्यावर कथा निराळीच झाली. “दिल्लीकर टेसनावर आले,” लक्ष्मणराव चावडीवर सांगू लागले. “आमी उतरेना. मग त्यांच्यातली एक मोठी बाई फुडं झाली, भर फलाटावर माजं पाय धुतलं, कुक्कू लावलं, नारळ दिला. मोटारीतनं न्हेलं.” बन्सी म्हणाला, बरोबर. गुरुजी गप्प बसले. रुक्मिणीबाई ही कथा घरोघर सांगत फिरल्या. अंबूबाईच्या दारातही येऊन सांगून गेल्या. अंबूबाईनं ती ऐकून घेतली, कांदे निवडत राहिली. तिनं शब्द दिला होता, आणि नर्स अजून यायची होती.

नर्स आली ती भर उन्हाळ्यात, पांढरं पातळ नेसलेली, कोकणातली तरणी पोरगी, हातात पत्र्याची पेटी. शकूचे दिवस भरत आले होते. मंडळीच्या गोदामाशेजारची खोली चुना मारून तयार होती. अख्खा गाव जमला. लक्ष्मणराव त्या उन्हातसुद्धा कोट घालून आले होते. त्यांनी नर्सच्या हातात खोलीची किल्ली दिली आणि भाषण सुरू केलं. नर्स कशासाठी आली हे त्यात कुठंच नव्हतं. दिल्लीचा फलाट मात्र होता. “त्या दिल्लीच्या बाईनं सोताच्या हातानं कुक्कू लावलं,” ते म्हणाले, “तवा ही नर्स गावाला मिळाली.”

भाषण संपल्यावर रुक्मिणीबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढं आल्या. शकूला आधार देत अंबूबाई नर्सच्या अगदी जवळ उभी होती. तिला खोली आतून बघायची होती.

“अंबूबाई,” लक्ष्मणराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जरा मागं सरा. शुभकार्य हाय.”

शकूनं आईचा हात घट्ट धरला. अंबूबाई मागं सरली नाही. नर्स समोर उभी होती, किल्ली तिच्या मुठीत होती. आता लक्ष्मणराव रुसले काय नि हसले काय, शकूचं काही वाकडं होणार नव्हतं.

“ती दिल्लीची बाई म्हंजी मीच,” अंबूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “फलाटावर तुमचं पाय मी धुतलं, कुक्कू बी मीच लावलं. तवा मागं सर म्हनाला न्हाईत. कपाळ फुडं केलंत.”

लक्ष्मणरावांनी बन्सीकडे पाहिलं. बन्सीनं सवयीनं तोंड उघडलं, पण कुणाला बरोबर म्हणावं ते न कळून मिटलं. गुरुजींची मान खाली होती. पण त्यांनीच पहिल्यांदा ती हलवली, होकारार्थी.

रुक्मिणीबाई ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजनाची वात वाऱ्यानं फडफडत होती. घरोघर जाऊन त्यांनी जी कथा सांगितली होती, ती सगळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. “खरं हाय का हे?” त्यांनी विचारलं. चावडीवर महिनोन् महिने दिल्ली सांगणाऱ्या माणसानं भिंतीकडे तोंड केलं.

रुक्मिणीबाई मग वळल्या आणि ताट अंबूबाईच्या हातात दिलं.

“घ्या, तुमी ववाळा,” त्या म्हणाल्या. “पोरगी कवाधरनं उनात हुबी हाय.”